नडगीचं दुखणं आणि टाचेतली सुई : एका अग्निवीर रिक्रूटचं प्रकरण

रुग्ण १९ वर्षांचा मुलगा, खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या एका गावचा. अग्निवीर म्हणून निवड झालेली, दुसऱ्या राज्यातल्या एका केंद्रात ट्रेनिंग सुरू. अकराव्या आठवड्यात उजवी नडगी पाय टेकू देईना, तेव्हा चार आठवड्यांच्या सिक लीव्हवर घरी पाठवलेला. वडील आणि निवृत्त हवालदार असलेले चुलते त्याला घेऊन आले ते मागणी ठरवूनच. चुलते म्हणाले, "डॉक्टर, ते रक्त काढून परत मारतात बघा, पीआरपी का काय, ते ह्याच्या नडगीत मारून टाका. महिन्यात पोरगं ग्राउंडवर उभं राहिलं पाहिजे. पैशाचं बघू नका."

पैशाचं बघावं लागणारच होतं. रताळ्याची पहिली गाडी नुकतीच बेळगावच्या मार्केट यार्डात उतरली होती आणि त्या रकमेवरच हा बेत ठरला होता.

हे प्रकरण मुलाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. जिथे पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट एकवटलेला प्लाझ्मा) मागितलं होतं तिथे मी ते दिलं नाही, आणि ज्या दुखण्याचं त्याने नावही काढलं नव्हतं तिथे काही आठवड्यांनी दिलं. हे असं उलटं का झालं ते सविस्तर सांगायला हवं, कारण भरतीची तयारी करणारी आणि ट्रेनिंगमधून जायबंदी होऊन आलेली पोरं बेळगाव, खानापूर, निपाणीकडून सतत येत असतात, आणि जवळपास प्रत्येकाच्या घरच्यांना सुईची घाई असते.

आधीची गोष्ट

आपल्या सीमाभागात फौज ही घरातली गोष्ट आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच. गावागावांत पेन्शनर, घराघरांत वर्दीतले फोटो. बारावी झाली की पोरगं अकॅडमीत जातं आणि पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर पळायला लागतं. भरतीच्या मैदानात १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत मारलं की पूर्ण ६० गुण मिळतात, त्यामुळे सगळं लक्ष त्या एका आकड्यावर. हा मुलगाही आठवड्याचे सहा दिवस जांबोटी रस्त्यावर पळत होता. बूट एकच जोडी, तेही तळ गुळगुळीत होईपर्यंत वापरलेले.

त्या तयारीतच कधीतरी डाव्या टाचेला दुखायला लागलं. त्याने कुणाला सांगितलं नाही. निवड झाली, केंद्रात गेला, अंगावर पीटी, ड्रिल, बूट घालून दौड, पाठीवर वजन असं एकदम चढत गेलं. आठव्या आठवड्यात उजवी नडगी दुखू लागली. सिक रिपोर्ट केला तर पीटी चुकते, पीटी चुकली तर टेस्ट चुकते, टेस्ट चुकली तर रेलिगेट, म्हणजे खालच्या बॅचमध्ये. ही भीती प्रत्येक रिक्रूटच्या पोटात असते आणि अग्निवीराच्या पोटात जरा जास्तच. १४ जून २०२२ ला जाहीर झालेल्या या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची, आणि पुढे नियमित सेवेत जास्तीत जास्त २५ टक्के. आपण सुरुवातीलाच मागे पडलो तर शेवटी त्या २५ टक्क्यांत कसे बसणार, हा हिशेब १९ वर्षांचा पोरगा मनात मांडत असतो. त्यामुळे बराकीत कुणाकडून तरी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेऊन तो तीन आठवडे पळत राहिला. त्याला दोष देववत नाही. दुखणं लपवणं हेच शहाणपण आहे असं वाटावं अशी ती परिस्थिती असते.

तपासणी

मी त्याला म्हटलं, नक्की कुठे दुखतं ते दाखव. त्याने तर्जनीचं टोक नडगीच्या आतल्या कडेवर, मधल्या आणि खालच्या तिसऱ्या भागाच्या सांध्यावर ठेवलं आणि हलवलंच नाही. माझ्या मते निदानाचं निम्मं काम तिथेच झालं. पळण्याने नडगीच्या कडेला येणारं जे दुखणं, ज्याला आपण शिन स्प्लिंट म्हणतो, त्यात मुलं पूर्ण तळहात नडगीवरून फिरवतात. दुखरा पट्टा पाच सेंटीमीटरहून लांब असतो आणि अंग तापलं की दुखणं बऱ्याचदा कमी होतं. एका बोटावर मावणारी जागा, पळताना वाढत जाणारं आणि रात्री झोपेतही ठणकणारं दुखणं असेल तर हाडाचा संशय घ्यायचा. त्याला उजव्या पायावर एक उडी मारायला सांगितली. पहिल्याच उडीला त्याने टेबलाची कड धरली. दुसरी मारू दिली नाही.

केंद्रात काढलेला एक्स-रे स्वच्छ होता आणि त्याच आधारावर घरच्यांचं म्हणणं होतं की हाड ठीक आहे, आत सूज आहे तेवढी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशा इजेचा एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छच येतो. एमआरआय केला. हाडाच्या मज्जेत सूज होती आणि ती दोन्ही प्रकारच्या प्रतिमांत दिसत होती. भेगेची रेषा मात्र उमटलेली नव्हती. चार पायऱ्यांच्या मापात ही तिसरी पायरी. हाडाची इजा झाली आहे, फ्रॅक्चर अजून पूर्ण झालेलं नाही, आणि पळणं सुरू राहिलं तर व्हायला वेळ लागणार नाही. एवढं नशीब की जागा नडगीच्या आतल्या-मागच्या कडेची होती. पुढच्या कडेला ही इजा झाली की ती भरायला फार हट्टी असते, कधी शस्त्रक्रियेपर्यंत जाते.

रक्ताच्या तपासणीत ड जीवनसत्त्व १४ नॅनोग्रॅम आलं. २० च्या खाली म्हणजे कमतरता. शेतकऱ्याच्या घरचा, उघड्यावर राबणारा मुलगा, तरी कमी कसं, असं वडिलांना वाटलं. पण पळणं उजाडायच्या आत, नंतर अंगभर कपडे आणि पावसाळ्याचे ते चार महिने, जेव्हा खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात सूर्य दिसणं मुश्किल. असे आकडे मी इथे नेहमी बघतो.

तो खुर्चीवरून उठून दारापर्यंत चालला तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. दुखत होता उजवा पाय, पण डावं पाऊलही तो नीट टेकत नव्हता. टाच टाळून, बाहेरच्या कडेवरून पाऊल टाकत होता. डाव्या बुटाचा तळ बाहेरच्या अंगाने पार झिजला होता. विचारलं, डाव्या पायाला काय झालंय? म्हणाला, "काही नाही सर." टाचेच्या आतल्या बाजूला, जिथे तळव्याचा जाड पट्टा हाडाला चिकटतो, तिथे अंगठा दाबला तर पाय खेचून घेतला.

"सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं कशी पडतात?"

"ती तशीच असतात की सर. दुखूलंय खरं, थोडं चाललं की मोकळं होतं. सगळ्यांचंच तसं असतंय."

वर्षभराच्या आसपास तो असा उठत होता. सोनोग्राफीत डाव्या टाचेजवळचा तळव्याचा पट्टा ६.१ मिलिमीटर जाड निघाला. साधारणपणे तो ४ मिलिमीटरच्या आत असतो. प्लांटार फॅसायटिस, आणि जुना.

आता चित्र उलगडलं. डावी टाच वाचवण्यासाठी तो महिनोन् महिने उजव्या पायावर भार टाकत होता. तयारीच्या काळात उजव्या नडगीने ते सहन केलं. ट्रेनिंगमध्ये एकदम वाढलेल्या भाराखाली तिने हार मानली. हे शंभर टक्के सिद्ध करता येणार नाही, ड जीवनसत्त्व आणि अचानक वाढलेली दौड यांचाही वाटा आहेच. तरीही डाव्या टाचेचा बंदोबस्त केल्याशिवाय त्याला परत पळायला पाठवणं म्हणजे तीच इजा पुन्हा मागवणं, असं माझं मत झालं.

नडगीत सुई का नाही

रिक्रूटच्या हाडांची ही इजा जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने १८५५ साली लांब मार्चनंतर सैनिकांची पावलं सुजून दुखतात असं नोंदवून ठेवलं होतं. तेव्हा एक्स-रे नव्हता. पुढे एक्स-रे आल्यावर कळलं की त्या पावलांच्या हाडांत बारीक फ्रॅक्चर असायचं. तेव्हापासून त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात.

हाडावर नवा भार पडला की शरीर ते हाड मजबूत करायला घेतं, पण मजबुतीच्या आधी पाडापाडी असते. जुना भाग पोखरून काढणाऱ्या पेशी आधी येतात, नवं हाड रचणाऱ्या मागून. चिऱ्याची जुनी भिंत दुरुस्त करताना ढिले चिरे आधी काढावे लागतात आणि त्या दिवसांत भिंत सगळ्यात कच्ची असते, तसंच. ट्रेनिंगच्या पहिल्या काही आठवड्यांत हाड नेमकं या कच्च्या अवस्थेत असतं आणि त्याच वेळी दौड वाढत असते. यावर उपाय एकच, भार काढायचा आणि रचणाऱ्या पेशींना वेळ द्यायचा. तिसऱ्या पायरीच्या इजेला पळण्यापासून साधारण सहा ते नऊ आठवडे लांब राहावं लागतं.

पीआरपीने हा वेळ कमी होतो का? प्लेटलेट रिच प्लाझ्मा म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून प्लेटलेट एकवटून काढलेला प्लाझ्मा. प्लेटलेटच्या आतल्या कणांत पेशींची वाढ, नव्या रक्तवाहिन्या, दुरुस्ती यांना चालना देणारी प्रथिनं असतात. ती दुखऱ्या जागी मोठ्या प्रमाणात सोडली की भरून येणं वेग घेईल, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगली आहे. पण नडगीच्या अशा, वारंवारच्या भाराने झालेल्या (स्ट्रेस) इजेत पीआरपी दिल्यावर मुलगा लवकर पळू लागतो, असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. आणि जिथे मोठे अभ्यास झाले तिथेही निकाल एकसारखे नाहीत.

चुलत्यांनी क्रिकेटपटूंचं नाव काढलं होतं. म्हणून त्यांना खेळाडूंच्याच अभ्यासांबद्दल सांगितलं. मांडीच्या मागच्या स्नायूची इजा झालेल्या ८० खेळाडूंना २०१४ च्या डच अभ्यासात काहींना पीआरपी आणि काहींना साधं मिठाचं पाणी टोचलं. मैदानावर परतण्याच्या वेळेत फरक पडला नाही. टाचेच्या वरच्या अकिलीस टेंडनवर २०१० मध्ये ५४ रुग्णांचा आणि २०२१ मध्ये २४० रुग्णांचा अभ्यास झाला, तिथेही पीआरपीचा फायदा दिसला नाही. उलट टेनिस एल्बोमध्ये, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात, २०१४ च्या २३० रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी पीआरपी घेतलेले रुग्ण सरस ठरले. म्हणजे औषध एकच असलं तरी जागेप्रमाणे निकाल बदलतो. उत्तेजक द्रव्यांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने २०१० साली स्नायूत पीआरपी घ्यायला बंदी घातली होती आणि २०११ मध्ये ती उठवली. त्या बंदीमुळेच बऱ्याच लोकांच्या मनात बसलं की यात काहीतरी जबरदस्त ताकद असणार.

मला सगळ्यात जास्त काळजी वेगळीच होती. नडगीत सुई घेतलेला मुलगा आपण बरे झालो असं समजून पळायला लागतो. सुईने नुकसान झालं नाही तरी त्या विश्वासाने होतं. आज भेग नाही, पण महिन्याभराने पूर्ण बूट घालून पाच किलोमीटर मारताना हाड मोडलं तर पुढे मेडिकल बोर्ड, म्हणजे मुलगा सेवेत राहण्याजोगा आहे का हे ठरवणारी डॉक्टरांची समिती.

"मग रेलिगेट होणार म्हणा," चुलते म्हणाले.

"होणार, हवालदारसाहेब. चार आठवड्यांत हे हाड तयार होत नाही."

ते बराच वेळ एमआरआयकडे बघत राहिले. मग भावाला म्हणाले, "आमच्या बॅचचा एकजण असाच दाबून पळाला होता. नडगी मोडूनच घरी गेला, परत आला नाही. खालच्या बॅचला जाऊ दे पोराला." वडिलांनी मान हलवली. माझ्या आकडेवारीने जे झालं नसतं ते त्या एका वाक्याने झालं. मुलगा मात्र त्या दिवशी एक शब्दही बोलला नाही.

आणखी एक गोष्ट मी त्याच वेळी स्पष्ट केली. मुलगा सेवेत आहे. बाहेर जे काही करू ते सगळं कागदावर असेल आणि ते कागद लष्करी डॉक्टरांकडे जातील. चोरून सुई घ्यायची आणि केंद्रात काही बोलायचं नाही, ही मागणी मी मान्य करत नाही. पुढे कधी ही इजा ट्रेनिंगमुळे झाली की नाही असा प्रश्न उभा राहिला तर मुलाच्या बाजूने बोलणारी गोष्ट म्हणजे सलग, खरी नोंद. एमआरआय, सोनोग्राफी आणि माझं पत्र घेऊन ते लष्करी रुग्णालयात गेले, तिथल्या डॉक्टरांशी माझं फोनवर बोलणं झालं आणि पुढे रजाही त्यांनीच वाढवली.

पहिले पाच आठवडे

सुरुवातीला काठी, दुखल्याशिवाय चालता येईपर्यंत. सगळ्या पेनकिलर बंद. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. खाण्याचं आईशी बोललो. तिला मी हे सांगितलं की पळणाऱ्या पोराचं पोट भरलेलं नसेल तर शरीर हाडाच्या दुरुस्तीत काटकसर करतं. नाचणीची आंबील घरात होतीच, ती आता रोजची झाली, दूध वाढवलं. अमेरिकेच्या नौदलातल्या पाच हजारांवर महिला रिक्रूटच्या अभ्यासात रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर २० टक्क्यांनी कमी झाली होती. सुईच्या मानाने हे फार स्वस्त काम आहे आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही.

दम टिकवायला सायकल, आणि गावच्या विहिरीत पोहणं. उडी मारायची नाही, पायऱ्यांनी उतरायचं, अशी अट घातली आणि विहिरीवर नजर ठेवायचं काम चुलत्यांनी घेतलं.

डाव्या टाचेला मात्र कामाला लावलं. पायरीच्या कडेवर डावं पाऊल, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल म्हणजे तळव्याचा पट्टा ताणला जातो, आणि एका पायावर टाच सावकाश वर, वर थोडं थांबून सावकाश खाली. एक दिवसाआड. आधी १२ वेळा, तीन फेऱ्या. जमायला लागलं की पाठीवर जुन्या शाळेच्या दप्तरात तांदूळ भरून वजन वाढवायचं, वेळा कमी करायच्या, फेऱ्या वाढवायच्या. २०१५ च्या एका डॅनिश अभ्यासात या व्यायामाने नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा तीन महिन्यांत जास्त फरक दिसला होता. हा कागद मी मराठीतच लिहून दिला, कारण पायरीजवळ उभी राहून फेऱ्या मोजणार होती ती आई.

आईने खरंच मोजल्या. वहीत तारीख, वेळा, दप्तरातला तांदूळ किती किलो, सकाळच्या पहिल्या पावलाचं दुखणं दहापैकी किती, असं सगळं लिहून आणलं. एवढी चांगली नोंद मला दवाखान्यात क्वचितच मिळते.

पाचव्या आठवड्यात नडगीवर बोट दाबलं तर हलकी कळ, रात्रीचं ठणकणं गेलेलं. टाचेचं दुखणं सातवरून पाचवर आलं होतं आणि आईच्या वहीप्रमाणे दोन आठवडे तिथेच अडकून होतं.

टाचेत का

इथे पीआरपीचा विचार मी स्वतःहून काढला. चुलते चकित झाले.

कारण पहिलं, दुखणं जुनं होतं आणि व्यायामाला अर्धाच प्रतिसाद देऊन थांबलं होतं. व्यायाम आणखी सहा-सात आठवडे द्यायला हवा होता हा आक्षेप मला मान्य आहे. मुलगा दुकानात बसणारा असता तर मी थांबलोही असतो. दुसरं, प्लांटार फॅसायटिसमध्ये पीआरपीच्या बाजूने थोडाफार पुरावा आहे. २०१४ च्या ४० रुग्णांच्या आणि २०१९ च्या ११५ रुग्णांच्या अभ्यासात दीर्घ मुदतीत पीआरपी स्टिरॉइडच्या सुईपेक्षा सरस ठरलं. पण दोन्हीकडे तुलना स्टिरॉइडशी होती आणि स्टिरॉइडचा गुण काही महिन्यांत ओसरतोच, हे विसरून चालत नाही. तरी स्टिरॉइड या मुलाला मी दिलंच नसतं. तळव्याचा पट्टा तुटण्याचा आणि टाचेची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका त्यात आहे, आणि हा मुलगा त्याच टाचेवर वजन घेऊन पळणार होता.

तिसरं कारण मला सगळ्यात वजनदार वाटलं. पीआरपीनंतर टाचेला चार-सहा आठवडे दौड बंद ठेवावी लागते. एरवी रिक्रूटला ते परवडत नाही. पण इथे नडगीच्या हाडासाठी तो अजून चार-पाच आठवडे पळणारच नव्हता. त्याच थांब्यात टाचेचं काम उरकत होतं, वेगळा एक दिवसही खर्च होत नव्हता. घरच्यांना मी हेही सांगितलं की गुण येईल याची हमी नाही आणि नाही घेतलं तरी व्यायामाने टाच सुधारत जाईल. रताळ्याचे पैसे यात घालायचे की नाही हे त्यांनी दोन दिवस घरी बसून ठरवलं.

पेनकिलर पाच आठवडे बंद होत्या, ते बरं झालं, कारण त्या गोळ्या प्लेटलेटचं काम मंदावतात. हाताच्या शिरेतून ३० मिलिलिटर रक्त घेतलं, गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये सायट्रेटचं द्रावण आधीच भरलेलं. सेंट्रिफ्यूजमध्ये पहिली फेरी हळू: तांबड्या पेशी तळाला, वर पिवळसर प्लाझ्मा. तो उचलून दुसरी फेरी जोरात: प्लेटलेट खाली जमतात, वरचा पातळ भाग काढून टाकायचा. हाती ३ मिलिलिटर उरला, गव्हाच्या काडाच्या रंगाचा, किंचित तांबूस झाक असलेला. मुलाने नळी उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "एवढंसंच?"

त्यातला थेंब मोजणीला दिला. मूळ रक्तात मायक्रोलिटरला २.४ लाख प्लेटलेट होत्या, तयार द्रवात १० लाख, म्हणजे चौपट. ३ मिलिलिटरमध्ये साधारण ३०० कोटी. ही मोजणी मी सोडत नाही आणि कुणी सोडू नये. पीआरपी या एकाच नावाखाली दुप्पट घट्ट द्रवही विकला जातो आणि सहापट घट्टही, पांढऱ्या पेशी असलेलाही आणि नसलेलाही. मोजलंच नाही तर रुग्णाला नक्की काय दिलं हे डॉक्टरलाच माहीत नसतं.

बधिर करायचं औषध टाचेच्या पट्ट्यात न भरता घोट्याच्या आतल्या बाजूला मज्जातंतूजवळ दिलं, कारण ते औषध थेट प्लेटलेटमध्ये मिसळणं बरं नाही. मग सोनोग्राफीत सुईचं टोक दिसत असताना पट्ट्याच्या जाड भागात चार-पाच ठिकाणी थोडं थोडं सोडलं. पुढचे तीन दिवस टाच चांगलीच ठणकली. हे आधी सांगून ठेवलं होतं, तरी दुसऱ्या रात्री वडिलांचा फोन आलाच. पॅरासिटामॉल चालतं, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको, बर्फाचा मारा नको. दहा दिवसांनी टॉवेल आणि पायरी पुन्हा सुरू, दप्तर रिकामं ठेवून.

पुढे

दहाव्या आठवड्यात नडगीवर बोट दाबून काही होईना, एका पायावरच्या उड्या कळ न येता. शाळेच्या तांबड्या मातीच्या मैदानावर, नव्या बुटांत, एक मिनिट जॉग आणि चार मिनिटं चाल अशी सुरुवात झाली, एक दिवसाआड. नियम दोन दिले होते. नडगीत जराही कळ आली तर तिथेच थांबायचं. टाचेत दहापैकी तीनपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं दिसलं तर एक पायरी मागे यायचं. एकदा उत्साहात डांबरी रस्त्यावर सलग तीन किलोमीटर मारून आला आणि टाच चारवर गेली. आईने ते वहीत लिहून ठेवलं होतं. त्याने मला सांगितलं नव्हतं.

चौदाव्या आठवड्यात तो केंद्रात परत गेला, खालच्या बॅचमध्ये. जाताना सोबत सगळ्या कागदांची फाइल आणि भार हळूहळू वाढवण्याबद्दलचं पत्र. तिथल्या डॉक्टरांनी पहिले तीन आठवडे त्याला मर्यादित पीटीवर ठेवलं.

ट्रेनिंग पूर्ण करून रजेवर आला तेव्हा तपासलं. पूर्ण वजनासह पाच किलोमीटरची दौड तो पास झाला होता. नडगीत काही नाही. डावी टाच लांब रूट मार्चच्या दुसऱ्या सकाळी दहापैकी एक-दोन दुखते, एरवी नाही. सोनोग्राफीत पट्टा ४.४ मिलिमीटर. चाल सरळ, दोन्ही बुटांचे तळ सारखे झिजलेले.

यात पीआरपीचा वाटा किती, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. टाचेला दहा आठवडे दौडीपासून सुट्टी मिळाली होती, वजनाचा व्यायाम झाला होता, बूट बदलले होते. सुई दिल्यानंतर अडकलेलं दुखणं खाली उतरत गेलं हे वहीत दिसतं, पण त्याच आठवड्यांत व्यायामही पिकत होता. मला विचाराल तर जुन्या टाचेवर, मोजून, सोनोग्राफीखाली आणि नाहीतरी सक्तीच्या विश्रांतीत असलेल्या मुलाला मी ती पुन्हा देईन. नडगीत देणार नाही.

नडगीचा एमआरआय पुन्हा केला नाही. लक्षणं नसताना मज्जेतली सूज प्रतिमेत रेंगाळलेली दिसू शकते आणि त्यावरून उगाच एखाद्याची सेवा अडते. टाच पुन्हा दुखू लागली तर आधी टॉवेल, पायरी आणि दप्तर, किमान तीन महिने. दुसऱ्या सुईचा विचार त्यानंतर, आणि तोही लष्करी डॉक्टरांच्या नोंदीसह, असं त्याच्या फाइलमध्ये लिहून दिलं आहे. धाकटा भाऊ आता अकॅडमीत जातो. त्याचं ड जीवनसत्त्व तपासून घेतलं, ते १७ आलं, पुडी सुरू केली आहे. तो आठवड्यातून चार दिवस पळतो, त्यातले तीन मातीवर.